गुडघ्याच्या नावाखाली एम.ए.

८ जानेवारी, गुरुवार

वही, आधी माफी मागतो. कॉलेजातल्या सुरभी मॅडमनी पंधरा डिसेंबरला सांगितलं होतं, प्रकल्प संपेपर्यंत प्रत्येकाने दैनंदिनी लिहायची, मनात येईल ते लिहायचं, कुणाला दाखवायची नाही. आज आठ जानेवारी. चोवीस दिवस तू कोरी राहिलीस. पहिले आठ दिवस मनासारखं पेन मिळेना. पुढचे आठ दिवस वाटलं, अडुसष्ट वर्षांच्या माणसाच्या मनात जे येतं ते लिहून ठेवणं बरं नव्हे. उरलेले आठ दिवस, तू माझ्या बायकोच्या, चंद्राबाईच्या, हाती लागलीस तर, या भीतीत गेले.

म्हणून तू घरी येणार नाहीस. तू सुलेमानच्या रंगाच्या दुकानात राहणार. सुलेमान माझा रसायनीच्या कारखान्यातला जोडीदार. तीस वर्षं आम्ही एका पाळीत बॉयलर सांभाळला. आता कर्जतला त्याचं दुकान आहे आणि मागच्या खोलीत डब्यांच्या रांगेमागे माझं दप्तर, माझं ओळखपत्र आणि माझं बी.ए.चं सर्टिफिकेट असतं.

तुझ्यापाशी खरं सांगायला हरकत नाही. मी सदाशिव, मुक्काम कडाव, एम.ए. मराठी, पहिलं वर्ष. आणि हे माझ्या बायकोला माहीत नाही.

तरुणपणी मी दहावीला तीनदा बसलो, तीनदा पडलो. गावाने माझं नाव 'तीनदा' ठेवलं. अजून माझ्या वयाचे लोक पारावरून ओरडतात, "काय रं तीनदा, कुठं निघालास?" निवृत्त झाल्यावर मुक्त विद्यापीठातून गुपचूप बी.ए. केलं. घरी सांगायचो, सुलेमानकडे पत्ते खेळायला जातो. पास झाल्यावर खरं सांगणार होतो, पण मग इतकी वर्षं खोटं बोललो हेही सांगावं लागलं असतं. तेवढ्यात सुलेमानची नात नमिरा म्हणाली, "आबा, मी एम.ए.ला चाललेय, तुम्ही पण चला." गेलो. तेव्हापासून आठवड्यातले चार दिवस मी 'गुडघ्याला शेक घ्यायला' कर्जतला येतो.

काल चंद्राबाई म्हणाली, "सहा म्हैनं शेक घेताय. गुडघा अजून शिजला नाय वाटतं."

९ जानेवारी, शुक्रवार

वर्गात आम्ही पटावर अकरा, बाकावर पाच. उरलेले सहा जण व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर असतात आणि तिथे रोज "मॅडम आल्या का?" असं विचारतात. सुरभी मॅडम बदलापूरहून स्कूटीवर येतात. पीएच.डी. झाल्या, तरी अजून तासाच्या हिशोबावरच आहेत. प्राध्यापकभरतीची बातमी पेपरात आली की त्या दिवशी मॅडम थोडं भरभर शिकवतात. मी ओळखतो. कारखान्यात कायम करायची बातमी उठली की आम्हीही असेच भरभर कोळसा ओढायचो.

प्रकल्पाचा विषय मॅडमनीच दिला. भात आणि वालाच्या शेतीतले जे शब्द यंत्रं आल्यापासून बोलण्यातून जात आहेत, ते गोळा करायचे. बोलणारी बाई किंवा बुवा जुना पाहिजे आणि शेतात राबलेला पाहिजे. मी, नमिरा आणि रिझवान एका गटात. रिझवान नेरळचा, त्याच्या बापाचा टेंपो आहे, आणि तो सगळं मोबाइलला विचारतो. आज त्याने मोबाइलमधल्या यंत्राला 'भांबुर्डा' विचारलं. यंत्राने सांगितलं, पुण्याजवळचं एक जुनं गाव. खोटं नाही. पण त्या गावात कोंबडी गुंडाळता येत नाही. भांबुर्डा म्हणजे बांधावरचा उग्र वासाचा पाला, पोपटी लावताना, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा नि कोंबडी भाजताना, आत घालायचा. हे मी सांगितल्यावर मॅडमनी फळ्यावर लिहून घेतलं. माझं बोललेलं फळ्यावर! छातीत इतकं धडधडलं की दोन्ही तास मी नाडी धरून बसलो होतो.

नमिरा म्हणाली, "आबा, एवढे शब्द तुम्हांला कुणी शिकवले?"

मी म्हटलं, "मला कुठले? ते आमच्या हिचे."

"मग आजींचंच रेकॉर्डिंग करू."

माझी नाडी पुन्हा सुटली.

१३ जानेवारी, मंगळवार

रेकॉर्डिंग केलं. चोरून केलं. मोबाइल सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला आणि चंद्राबाई वाल सोलत होती तिथे जाऊन बसलो. नेमकं वरून विमान गेलं. नवी मुंबईचा तो विमानतळ सुरू झाल्यापासून प्रत्येक विमान आमच्या पेंढ्याच्या उडवीवर नेम धरून येतं असं मला वाटतं.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, भाताच्या रोपासाठी राब भाजायच्या येळेला तुमी काय काय म्हनायचा?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खिशाकडे पाहिलं. "खिशात काय लुकलुकतंय?"

"बॅटरी उतरलीय."

"बरं," म्हणाली, आणि सरकून माझ्यासमोर बसली. मग जी सुरू झाली ती चाळीस मिनिटं. एक विचारलं की चार सांगायची. प्रत्येक शब्द दोनदा, सावकाश, अगदी छातीजवळ वाकून. मध्येच शेजारची पदू हाका मारत आली तर तिला म्हणाली, "थांब गं जरा, आवाज नको करू." वय झालं की माणसाला बोलायची हौस येते हेच खरं. मला काळजी वाटते तिच्या घशाची.

१९ जानेवारी, सोमवार

संपलो.

मॅडमना रेकॉर्डिंग ऐकवलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. उडवी रचायचे तिने सांगितलेले प्रकार ऐकून म्हणाल्या, "आबा, हे सोनं आहे. आता संमतिपत्र द्या."

"कसलं?"

"ज्यांचा आवाज आहे, त्यांना हे कशासाठी चाललंय ते पूर्ण सांगायचं आणि त्यांची सही घ्यायची. न सांगता केलेलं रेकॉर्डिंग मी धरणार नाही. सोमवारी दोन फेब्रुवारीला फॉर्म आला नाही तर प्रकल्पाचे गुण शून्य."

प्रकल्पाचे शून्य म्हणजे सत्र गेलं. सत्र गेलं म्हणजे नापास. चौथ्यांदा. 'तीनदा' म्हणायची गावाला सवय झालीय, आता या वयात त्यांना नवीन आकडा पाठ करायला लावू का?

रिझवान म्हणाला, "आबा, सही मी करतो ना. आजींची सही कशी असते?"

मॅडमनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो स्वतःच वर्गाबाहेर जाऊन उभा राहिला.

मला सांगायची भीती वाटते. सुलेमान म्हणाला, "बायको हाय ती, बॉयलर नाय. फुटनार नाय." त्याला काय जातं बोलायला?

२१ जानेवारी, बुधवार

आणखी एक संकट. वाल भरलेत असं मी वर्गात बोलून बसलो, तर पोरं म्हणतात पोपटी पाहिजे, तुमच्या शेतात, शनिवारी. आणि त्याच वेळी आजींशी मॅडमच बोलतील. मॅडमही यायला तयार झाल्या. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून "या की" निघालं.

घरी काय सांगू? शेवटी सांगितलं, "शेक घ्यायला येतात ती पोरं जेवायला येणार हायेत."

चंद्राबाई म्हणाली, "पेशंट?"

"व्हय."

"पोरं?"

"हल्ली लहानपनीच जातात गुडघे. पेपरातबी आलंय."

"मंग डॉक्टरबी बोलवा."

"बोलावलाय," मी म्हटलं. म्हणजे ते खोटं नाही. मॅडमच्या नावामागे डॉक्टर आहेच.

आज दप्तर सापडेना म्हणून सगळे डबे हलवले. खांद्यालाच होतं.

२५ जानेवारी, रविवार

सुलेमानच्या दुकानात बसून लिहितोय. अजून हसू थांबत नाही. काल जे झालं ते क्रमाने लिहितो, नाही तर मलाच खरं वाटायचं नाही.

चार वाजता सगळे आले. रिझवान बांधापासूनच लंगडत आला. इतका लंगडला की पदूने त्याला खुर्ची आणून दिली. नमिराने ओढणी तोंडात कोंबली होती. सुलेमानने त्याच्या घरून हलाल कोंबडी मसाला लावून पाठवली होती, म्हणजे पोरांना खाण्यात अडचण नको.

चंद्राबाईने रिझवानला विचारलं, "कंचा पाय रं बाबा?"

"डावा, आजी. क्रिकेट."

"मगाशी उजवा घासत व्हतास."

"दोन्हीकडून खेळतो, आजी."

मी मॅडमची ओळख करून दिली, "ह्या डॉक्टर सुरभी." चंद्राबाईने ताबडतोब पाटावर बसून आपला गुडघा पुढे केला. "डॉक्टर, माझाबी बगा वाईच. उतरताना कट कट वाजतो."

मॅडमचा चेहरा पाहवत नव्हता. म्हणाल्या, "अहो आजी, मी त्या प्रकारची..."

"जेवल्यावर सांगा," चंद्राबाई म्हणाली. "उपाशी पोटी मानूस खरं बोलत नाय." आणि मॅडमच्या हातात वालाच्या शेंगांची टोपली दिली.

मग मडकं मी भरायला घेतलं. तळाला भांबुर्डा, त्यावर शेंगा, ओवा, मीठ, मधोमध अंडी, कोंबडी पाल्यात गुंडाळून, पुन्हा शेंगा. तोंडाला पाल्याचा बोळा गच्च. हे मी पन्नास वर्षं करतोय. पण मॅडम एकीकडे माझ्याकडे डोळे वटारत होत्या, "सांगितलंत का?" दुसरीकडे रिझवान लंगडायचं विसरून काटक्या आणायला धावत सुटला होता. माझं लक्षच नव्हतं. मी मडकं तोंड वर करून मातीवर ठेवलं आणि पेंढा रचायला लागलो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पदू तर तोंडावर हात ठेवून बसली. आमच्याकडे तान्हं मूलसुद्धा पोपटीचं मडकं उपडं लावतं.

चंद्राबाई म्हणाली, "अवो, भात लावलाय का चुलीवर? जास्त शिकलं की मानसाचं असंच व्हतं." आणि मडकं उचलून उपडं केलं. तिचं हे बोलणं मला उगाच लागलं. दहावी नापास माणसाला शिकल्याचा टोमणा म्हणजे मीठ चोळणंच की.

जाळ लागला, मडक्यावर पाण्याचे थेंब टाकून पाहिले, चर्र करून उडाले, पोपटी काढली. मॅडमनी एवढ्या शेंगा खाल्ल्या की शेवटी त्या फतकल मारून बसल्या. नमिरा आणि चंद्राबाई बाजूला बसून काहीतरी बोलत होत्या, मी जवळ गेलो की दोघी गप्प. उसात बिबट्या आल्याचं चाललं होतं, असं नमिरा म्हणाली. आमच्याकडे ऊस कुठे आहे? त्या पोरीचं भूगोलाकडे लक्ष नाही.

जाताना चंद्राबाईने रिझवानला तिळाचं तेल दिलं. "दोनी पायांना चोळ. परीक्षा जवळ आली असंल ना तुमची." तो "हो आजी" म्हणून गेला. गुडघ्याच्या माणसाची कसली परीक्षा, हे तिच्या लक्षात कसं आलं नाही देव जाणे. वाचलो.

पण फॉर्म राहिला. मॅडम स्कूटी सुरू करता करता म्हणाल्या, "आबा, मी आज काही बोलले नाही, कारण हे तुम्हीच सांगायचं आहे. सोमवारपर्यंत. दोन तारखेच्या."

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन करून आलो. तिरंग्यासमोर ठरवलं, आज खरं सांगायचं. घरी आलो, फॉर्म तिच्यासमोर ठेवला, आणि तोंडातून निघालं, "गुडघ्याचं ऑपरेशन करायचं म्हनतात. घरच्यांची सही लागते. हितं."

चंद्राबाई चौथी शिकलीय. तिने चष्मा लावला, फॉर्म उजेडाकडे धरला आणि बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागली. "मी... माझ्या बोलन्यातले शब्द... अभ्यासासाठी वापरन्यास... राजीखुशीनं..." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ऑपरेशन गुडघ्याचं हाय का माझ्या जिभेचं?"

मग मी सगळं सांगितलं. पत्ते, बी.ए., शेक, रिझवानचे दोन्ही पाय, खिशातली बॅटरी. एका दमात. बॉयलरची वाफ सोडतात तसं. ती वाल सोलत राहिली.

शेवटी म्हणाली, "बायकोला घाबरलात का परीक्षेला?"

"दोगींना."

ती हसली नाही. म्हणाली, "तीनदा नापास झालेल्या मानसाशीच लगीन केलं ना मी? तवा कुठं नाय म्हनलं?" मग फॉर्मची घडी घातली, कमरेच्या पिशवीत ठेवली आणि उठली. "मी बगते."

मी बघते, म्हणजे काय बघते?

२८ जानेवारी, बुधवार

चंद्राबाई गेली. काल दुपारी, माहेरी, खालापूरला वावोशीकडे. भाच्याची हळद रविवारी आहे, आणि ही मंगळवारीच गेली. पाच दिवस आधी हळदीला कोण जातं? जाताना फॉर्म नेला. घरातली माझी दुसरी कोरी वही नेली. माझा चार्जर नेला. रागावलेली बाई चार्जर नेते याचा अर्थ तिला लवकर यायचं नाही.

तुला मी आता घरी आणलंय, वही. लपवायचं कुणापासून?

कॉलेजला गेलो नाही. ग्रुपवर लिहिलं, "तब्येत बरी नाही." सहाच्या सहा गैरहजर पोरांनी अंगठा दाखवला.

३० जानेवारी, शुक्रवार

दिवसातून चारदा फोन केला. उचलते आणि म्हणते, "कामात हाय, मंग बोलते." माहेरी कसलं काम?

शेवटी तिच्या भावाच्या सुनेला, हर्षलाला, लावला. ती म्हणाली, "आतोबा, आत्यांनी कालपासून ओटीवर सगळ्या म्हाताऱ्या गोळा केल्यात. एकेकीला पुढं बसवतात, मोबाइल मधी ठेवतात आणि बोलायला लावतात. मधेच दरडावतात, 'नीट सांग, सावकाश सांग, त्यांना कळायला पायजे.' वहीत पन लिहून घेतात."

'त्यांना' म्हणजे मला.

म्हणजे तिथे पंचायत बसलीय. माझ्याविरुद्ध जबान्या घेणं चाललंय, तेही रेकॉर्ड करून. पण वावोशीच्या म्हाताऱ्यांना माझ्याविषयी एवढं काय माहीत आहे? लग्नात मी जिलबी परत मागितली होती, ते सोडलं तर मी काही केलेलं नाही.

बाहेर निवडणुकीचे भोंगे ओरडत फिरतायत. सगळेच कुणा ना कुणाविरुद्ध बोलतायत.

३१ जानेवारी, शनिवार

सकाळी रिझवानचा मेसेज आला. "आबा, आजींचा फोन आला होता. आणखी नऊ फॉर्म पाहिजेत म्हणाल्या. मी उद्या सकाळी वावोशीला नेऊन देतो. आजी भारी आहेत."

नऊ कोरे फॉर्म? राग काढायला एक फाडून पुरत नाही का?

नमिराला विचारलं, तर ती नुसती हसत सुटली आणि म्हणाली, "आबा, तुम्ही सोमवारी फक्त या." आजकालच्या पोरींना दुसऱ्याच्या संसाराचं काही वाटत नाही.

आता उद्या रिझवान जाणारच आहे, तर हे खालचं पान फाडून त्याच्याबरोबर देतो.

चंद्राबाई,

तू ते फॉर्म फाड. दहाच्या दहा फाड. सही नको, गुण नकोत. सोमवारी मॅडमना मी तोंडाने सांगेन की सही मिळाली नाही, चूक माझी होती, शून्य द्या. नापास झालो तर घरी येऊन तुला पहिल्यांदा सांगेन. जातानाच सांगून जाईन, की कॉलेजला चाललोय.

तू विचारलंस, कुणाला घाबरलात. त्या दिवशी मी उत्तर घाईत दिलं. पाच दिवस विचार केला. उभ्या कडावात मला एकदाही 'तीनदा' न म्हणालेलं माणूस एकच आहे, ते म्हणजे तू. पंचेचाळीस वर्षांत एकदाही नाही. भांडणातसुद्धा नाही. तुला सांगितलं आणि मी पुन्हा पडलो, तर तूही म्हणशील, एवढीच भीती होती. म्हणालीस तरी आता चालेल.

तिथल्या बायकांनी माझ्याविषयी जे काय सांगितलं असेल ते ऐकून घेईन. मोबाइलवर आहे म्हणे, तर सगळं बसून ऐकेन, मध्ये बोलणार नाही. जिलबीचं खरं आहे.

घरात वाल सोललेले तसेच पडलेत, बिरडं मला जमत नाही. पदू रोज विचारते, कधी येणार, आणि मी रोज वेगळं सांगतो. आता खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय, त्यामुळे पंचाईत होते. हळद झाली की लगेच येतेस, का लग्न करून येतेस, का काय ठरवलंयस, तेवढं रिझवानजवळ सांग. नाही तर फोन कर. कामात असलीस तरी कर. पण लवकर कळव.

सदाशिव